लॅटिनच्या लेकी आणि तेल्हाऱ्याच्या पत्रिका

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळ.

अकोल्याच्या कॉन्व्हेंटचा मागचा व्हरांडा आज एकदम आठवला. मधली सुट्टी. मी आणि जमुना डबे उघडून बसलो आहोत. तिच्या डब्यातला ठेचा मी खाते आहे, माझ्या डब्यातला शिरा ती. सिस्टर ॲग्नेस खुर्चीत स्वेटर विणत आहेत आणि विणता विणता आम्हा दोघींना फ्रेंच शिकवत आहेत, कारण बाकी कोणाला ते नको होते. जमुनेलाही नको होते, पण ती मला सोडून कुठे जात नसे.

सिस्टरनी त्या दिवशी सांगितले की लॅटिनमध्ये क्रियापदाच्या नुसत्या शेपटीवरून कळायचे, माणूस मारतो आहे की मार खातो आहे. पुढे ती मार खाण्याची शेपटीच गळून पडली. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रुमानियन या लॅटिनच्या लेकी. आईचे ते एक भांडे कोणाच्याच वाट्याला आले नाही. मग प्रत्येकीने घरातले दुसरे काहीबाही जुळवून काम भागवले. ते जुळवलेले भांडे खरे कर्मणी क्रियापद म्हणायचे की नाही, यावर विद्वान लोक शेकडो वर्षे भांडत आहेत.

जमुनेने घास न गिळताच विचारले, मंग कोन जिंकलं? सिस्टर म्हणाल्या, भांडण अजून चालू आहे.

मी त्याच दिवशी ठरवले, या भांडणाचा इतिहास आपण लिहायचा. मराठीत.

संकल्प: तो इतिहास जानेवारीअखेर पूर्ण करणे. साधने तयार आहेत. कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागले तेव्हापासून टिपणे काढते आहे. तेव्हा अमरावतीत इंडेक्स कार्डे मिळत नसत. बाबा म्हणाले, विकत कशाला घेते, लग्नाच्या पत्रिकांची मागची बाजू कोरीच असते. बाबा तहसील कचेरीत होते. तेल्हारा, तिवसा, भातकुली, जिथे जिथे बदली झाली तिथली माणसे ते निवृत्त झाल्यावरही पत्रिका पाठवत राहिली, आणि बाबा एकही टाकत नसत. जाड, गुळगुळीत, उत्तम कागद. अशा रीतीने माझे संपूर्ण संशोधन लग्नपत्रिकांच्या पाठीवर, बुटांच्या खोक्यांत, वरच्या खोलीत सुरक्षित आहे. आता फक्त लिहून काढायचे.

जानेवारीअखेर अशासाठी की १ फेब्रुवारीला माझ्या भाच्याचे, अनुपचे, लग्न. वरची खोली नवरा-नवरीला द्यायची आणि मी खाली धान्याच्या खोलीत. माझा भाऊ धम्मदीप फार संकोचून बोलला. म्हणाला, ताई, तुझी खाट बसते तिथं, पण खोके काही बसत नाहीत. मी म्हणाले, काळजी नको, पुस्तक झाले की खोक्यांची गरजच उरत नाही. तो आणि त्याची बायको मंजुषा एकमेकांकडे पाहत राहिले. कौतुकाने असावे.

५ नोव्हेंबर.

वेळापत्रक केले. पहाटे पाच ते आठ लेखन, दुपारी दोन ते चार संदर्भ, संध्याकाळी चिंतन. दोन रंगांत आखले. आखण्यात दिवस गेला, पण पाया पक्का हवा.

नाव ठरले: ‘रोमान्स भाषांतील कर्मणी क्रियापदांच्या अभ्यासाचा इतिहास’. मंजुषा म्हणाली, ताई, तेवढा रोमान्स काढा, पोट्टे हासतीन. मी ठाम राहिले. लॅटिनच्या लेकींना जगभर तेच म्हणतात.

६ नोव्हेंबर.

पावणेआठला जाग आली. पाच ते आठ ही वेळ संपत आली होती, म्हणून पंधरा मिनिटे चिंतन केले.

९ नोव्हेंबर, रविवार.

पहिले वाक्य लिहिले. खोडले. दुसरे पहिले वाक्य लिहिले. ते चांगले आहे, पण त्याच्या आधी एक वाक्य हवे आहे.

दुपारी अकोल्याहून जमुनेचा फोन. गुडघा दुखतो म्हणाली, सून चांगली आहे म्हणाली, मग विचारले, काय करून राहिली व संध्ये? मी सांगितले. म्हणाली, काहून व, ते अजून झालंच नाही का? मले वाटलं झालं असन आणि तू मले दाखवलं नसन.

मग म्हणाली, कोन वाचन ते?

मी म्हणाले, वाचक शोधायचा नसतो, तो घडवायचा असतो. ती म्हणाली, बरं घडव, पन मधात एखांदा दिवस अकोल्याले ये, वांग्याचं भरीत करतो. मी नकार दिला. जानेवारीपर्यंत भरीत नाही. लेखकाला एवढे सोसावे लागते.

१४ नोव्हेंबर.

धावपळीचा दिवस. नवरीकडचे लोक घर पाहायला आले. पायल, म्हणजे होणारी सून, मोठी गोड मुलगी. अकोल्यात बँकेत आहे. वरची खोली पाहायला आली तेव्हा मी तिला माझे काम समजावले. हातात एक कार्ड दिले. त्यावर माझे आवडते टिपण होते: पंधराव्या शतकाच्या शेवटी एक स्पॅनिश व्याकरणकार सरळ लिहून गेला की लॅटिनला कर्मणी क्रियापद आहे, आमच्या भाषेला नाही, आम्ही ‘असणे’ हे क्रियापद जोडून वेळ भागवतो. केवढे धाडस!

पायलने ते नीट वाचले. मग कार्ड उलटले आणि ओरडली, अय्या, हे तं आमच्या मोठ्या बाबांचं लग्न! म्हणजे थोरल्या काकांचे. तिची आई धावत आली. मग तिची आत्या. तिघींनी मिळून ती पत्रिका मोठ्याने वाचली, अगदी ‘आपले विनीत’मधल्या शेवटच्या नावापर्यंत. आत्याला त्यात स्वतःचे नाव सापडले, चिमुकल्यांच्या आग्रहाच्या ओळीत. आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं. तिला रडू आले.

ते लोक गेल्यावर लक्षात आले, विषयाबद्दल इतके कुतूहल मी कॉलेजातही पाहिले नव्हते.

२० नोव्हेंबर.

खाली पाहुण्यांची यादी सुरू आहे. मंजुषा चिंतेत. आपल्याकडे ज्याने आपल्याला बोलावले त्याला बोलवावेच लागते. एक घर सुटले तर तीन पिढ्या टोमणे मारतात. कोणी कोणाला बोलावले हे सगळे बाबांना तोंडपाठ होते आणि बाबा आता नाहीत.

दुपारी ती वर आली. म्हणाली, ताई, एक खोका देता का मले, दोन दिवस? मी विचारले, कोणता? ती म्हणाली, कोनताई द्या.

पोर्तुगीजचा दिला. सोपा आहे, सुरुवातीला बरा.

२४ नोव्हेंबर.

मंजुषाने खोका परत आणला आणि दुसरा मागितला. जाताना जिन्यात थांबली. म्हणाली, ताई, किती कामाचं काम करून ठेवलं हो तुमी.

हे वाक्य इथे लिहून ठेवते. या घरात माझ्या संशोधनाबद्दल प्रथमच कोणी असे बोलले. ऋणनिर्देशात मंजुषाचे नाव घालायचे ठरवले. ऋणनिर्देश लगेच लिहून टाकला. एक पान झाले.

३ डिसेंबर.

प्रस्तावना दीड पान. म्हणजे ऋणनिर्देश धरून अडीच. गती समाधानकारक.

अडचण: रुमानियन. या लेकीकडे कोणी फारसे लक्षच दिलेले नाही, मीही नाही. त्या खोक्यात फक्त चारदोन कार्डे आहेत आणि एक चपलेचा पट्टा. रुमानियनचे काही ठरल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. थांबले आहे.

६ डिसेंबर.

सकाळी सगळे अभिवादनाला गेलो. गर्दीत बाबांचे जुने चपराशी भेटले. म्हणाले, देवरावसाहेबांची पोरगी नं तुमी? साहेब म्हनत, माही पोरगी मोठ्ठं पुस्तक लिहून राहिली. मी म्हणाले, होय, जानेवारीत.

आता लिहावेच लागेल.

१२ डिसेंबर. दुपार.

भातकुलीहून पंचफुलाआत्या आल्या. बाबांची धाकटी बहीण, वय नव्वदीकडे, डोळ्यांनी कमी दिसते, बाकी सगळे शाबूत. त्यांना चहा द्यायला खाली गेले.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक करून खाली गेलेले माझे सगळे खोके रिकामे आणि सगळी कार्डे फरशीवर, सुलटी. टीव्हीखाली तेल्हारा, सोफ्याजवळ तिवसा, चपलांच्या रॅकपाशी भातकुली, दारात ‘बाकी गावं’. मंजुषा एकेक पत्रिका वाचत होती आणि आत्या निकाल देत होत्या. हा गेला. हे बी गेली, मागच्या उनाळ्यात. याले बलाव. याच्या भावाले नोको बलावू, तो माह्या लग्नात पंगतीतून उठून गेलता. ह्या पोरीचं काय झालं ते इचारू नोको, पन बलाव.

मी विचारले, मंजुषा, हे कोणत्या क्रमाने होते ते आठवते का? ती म्हणाली, नाही बाप्पा, कुठचं बी कुठी होतं, म्या आता गावावार लावून देल्लं.

रोमन व्याकरणकार, मध्ययुग, फ्रेंचांचे सतरावे शतक, एकोणिसावे शतक आणि तुलना करणारे जर्मन पंडित, असा तो क्रम होता. आता जर्मन पंडित निम्मे तेल्हाऱ्यात आहेत, निम्मे सोफ्याजवळ.

वर येऊन पाणी प्याले.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

शांतपणे विचार केला. कालक्रम ही जुनी पद्धत झाली. हल्ली जगभर प्रदेशानुसार मांडणीकडे ओढा आहे. मंजुषाने नकळत मला नव्या पद्धतीकडे वळवले. प्रस्तावना पुन्हा लिहावी लागेल, पण ती मुळात फार लांब झाली नव्हती, हे बरेच झाले.

१३ डिसेंबर.

तरीही जुना क्रम लावून पाहावा म्हणून सकाळपासून बसले. लागला नाही. कार्डांवर नंबर घातलेले नाहीत. मुद्दाम घातले नव्हते, नंबराने विचार बांधला जातो.

२० डिसेंबर.

जमुनेचा फोन. सगळे सांगितले. ती इतकी हसली की खोकला लागला आणि तिच्या सुनेने फोन घेऊन विचारले, मावशी, काय झालं? आईंना पाणी पाजू का?

पाणी पिऊन जमुना म्हणाली, झालं नं मंग तुहं पुस्तक. अध्याय पहिला तेल्हारा. अध्याय दुसरा तिवसा. पानोपानी नवरदेव.

मी फोन ठेवला.

पाच वाजता मीच केला. हिरव्या टमाट्याच्या चटणीत तीळ घालतात की दाणे, हे विचारायचे होते.

२८ डिसेंबर, रविवार.

अनुपच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. सुंदर आहेत. निळ्या, सोनेरी काठाच्या, वर बुद्ध आणि बाबासाहेब. मी सवयीने उलटून पाहिले. मागे हॉलचा नकाशा, त्याखाली मोबाइलने उघडायचा चौकोन, त्याखाली शेतात उभ्या असलेल्या दोघांचा फोटो. बोटभर जागा कोरी नाही. अनुप म्हणाला, आत्या, छापल्या पण थोड्याच आहेत, बाकी सगळ्यांना व्हॉट्सॲप.

म्हणजे यापुढे टिपणे काढायला कागद येणार नाही. संशोधनाचा टप्पा आपोआप संपला. आता लेखनावाचून दुसरा मार्गच नाही. असे मोकळे बऱ्याच वर्षांत वाटले नव्हते.

नव्या वर्षापासून पाच ते आठ.

१ जानेवारी.

सुट्टी.

६ जानेवारी.

तेल्हाऱ्याचे रामराव आले होते. शेतकरी, बाबांचे त्या वेळचे स्नेही. मंजुषाने निमंत्रणाचा फोन करताना सांगितले होते की तुमच्या लग्नाची पत्रिका आमच्या ताईंकडे आहे. म्हणून एसटीने आले. पांढरे धोतर, नवीन टोपी, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी.

पत्रिका त्यांच्या हातात दिली. फार वेळ वाचत होते. एका ओळीवर बोट ठेवले. म्हणाले, हे पाहा बाई, पार्बता. हे तिचं माहेरचं नाव. आमी लग्नात बदललं, निर्मला ठेवलं. पोरायले माहीतच नाही. मागच्या सालात गेली ती. ह्या नावानं तिले हाक मारनारं आता कोनीच नाही, आन लिहेल तं ह्याच्याबिगर कुठीच नाही.

मग सभ्यपणे कार्ड उलटले आणि विचारले, हे मांगं काय लिहेल हाये तुमी? मी त्यांना समजावून सांगितले. लॅटिन, लेकी, हरवलेले भांडे, फ्रेंच व्याकरणकारांचा वाद. अर्धा तास तरी बोलले असेन. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही. शेवटी म्हणाले, म्हंजे मायचं होतं ते गेलं, आन पोरीयनं आपापलं उभं केलं.

मी म्हणाले, अगदी बरोबर.

ते म्हणाले, मंग भांडन कायचं?

हा प्रश्न टिपून घेण्यासारखा होता, पण कागद नव्हता.

मग त्यांनी विचारले, हे मी घिऊन जाऊ का? मी म्हणाले, पुस्तक पूर्ण झाले की लगेच पाठवते. ते हसले. म्हणाले, तोवर मी राह्यतो का, बाई?

मी म्हणाले, थांबा, मागचा मजकूर उतरवून घेते. चष्मा लावला. मजकूर असा होता: ‘सतराव्या शतकातील फ्रेंचांच्या वादाचे सार एका वाक्यात असे की. पुढे पहा: निळे कार्ड.’

आमच्या लोकांच्या पत्रिका बहुतेक निळ्याच असतात.

कार्ड त्यांना दिले. फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवले त्यांनी. शेंगा उकडून खाल्ल्या. गोड होत्या.

११ जानेवारी, रविवार.

रामरावांनी गावात सांगितलेले दिसते. सकाळपासून फोन. आमच्या माय-बापाची आहे का हो? आमच्या काकाची? तिवशाची एक बाई म्हणाली, माह्या आईचं नाव कसं लिहेल होतं, तेवढंच सांगा. मी वाचून दाखवले. तिने पुन्हा वाचायला लावले.

नियम केला: पुस्तक होईपर्यंत यापुढे एकही कार्ड बाहेर जाणार नाही. रामराव हा अपवाद.

दुपारी पंचफुलाआत्यांनी त्यांची स्वतःची मागितली. त्यांना नियम सांगितला. त्या म्हणाल्या, तुह्या बापाले मी कडेवर घेतलं, आन तू मले नियम सांगतं? आत्या बाबांपेक्षा लहान आहेत, त्यामुळे हे शक्य नाही. तसे म्हणाले नाही. कार्ड दिले. त्यांना वाचता येत नाही. उशीखाली ठेवले.

आत्या हाही अपवाद.

१७ जानेवारी.

धम्मदीप जिन्यात उभा राहून म्हणाला, ताई, पेंटर सोमवारी येतो. मी म्हणाले, अजून दोन आठवडे आहेत. तो म्हणाला, रंग सुकायले पायजे नं. कोणता रंग, विचारले. फिका गुलाबी. पायलने निवडला आहे.

चांगला आहे.

१९ जानेवारी, सोमवार.

खाली आले. अनुप आणि त्याच्या मित्रांनी कार्डे कापसाच्या पोत्यांत भरून आणली. डाव्या हाताला गव्हाच्या कोठ्या, उजव्या हाताला तुरीची डाळ, मध्ये मी. पोती खाटेच्या पायथ्याशी उभी आहेत, त्यामुळे पाय आखडून झोपावे लागते. दार पूर्ण उघडत नाही. मंजुषा दळणाचे गहू काढायला आली तर मला बाहेर यावे लागते आणि जर्मन पंडितांनाही.

मंजुषा म्हणाली, ताई, लग्न होऊ द्या मंग पाहू. पण तुरीची नवी पोती फेब्रुवारीत येतात हे मला माहीत आहे. तिने आठवण करून दिली नाही. तिचा स्वभाव.

म्हणजे कार्डांचे पुस्तक व्हायला आता हा आठवडा आणि पुढचा.

संकल्प: सर्व कार्डे क्रमाने वाचणे, आणि वाचता वाचता लिहिणे.

२३ जानेवारी.

वाचते आहे. गहू पाखडल्याची धूळ येते, पण एकाग्रता चांगली होते. धम्मदीप, मंजुषा, पायलची आई, कोणी ना कोणी दारातून डोकावून जाते. सगळ्यांना वाटते मी पत्रिका लावून ठेवते आहे.

२५ जानेवारी, रविवार. दुपार.

वाचून झाले.

निष्कर्ष. पंधराव्या शतकातल्या त्या स्पॅनिश व्याकरणकाराचे वाक्य पुष्कळ कार्डांवर आहे. दर दोनतीन वर्षांनी मला ते नव्याने सापडलेले दिसते. प्रत्येक वेळी पुढे ‘केवढे धाडस!’ आणि अक्षर जरा जरा मोठे, चष्म्याच्या नंबराप्रमाणे. हे वाक्य किती महत्त्वाचे आहे याचा हा पुरावाच म्हणायचा.

उरलेल्यांपैकी बरीच कार्डे दुसऱ्या कार्डांकडे पाठवतात. ती कार्डे कुठे पाठवतात ते पाहिले. काही पहिल्यांकडेच.

काहींवर भाजीचा हिशेब आहे. नेमका तोच सुवाच्य अक्षरात आहे.

संध्याकाळ.

चहा घेतला. मग कार्डे उलटून एकदा त्या बाजूने वाचली, सहज, वेळ होता म्हणून. ती बाजू कुठेच अडत नाही. हा याचा नातू, ती त्याची लेक, ही तेल्हाऱ्यातून तिवशाला गेली, तिची मुलगी भातकुलीला आली. आत्यांना काही विचारावे लागले नाही. जेवायला हाका आल्या तरी ऐकू आल्या नाहीत.

हे इथे लिहिते आहे, पण पुस्तकाशी याचा संबंध नाही.

३० जानेवारी.

घर भरले. हळदीची तयारी, मोठी पातेली, मांडववाले. लेखन अशक्य. फेब्रुवारीत निवांत होईल. एका फेब्रुवारीने शेकडो वर्षांच्या भांडणाला काय फरक पडतो.

३१ जानेवारी, शनिवार. दुपार.

जमुना आली. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, पिशवीत भरीत. सरळ धान्याच्या खोलीत येऊन खाटेवर बसली आणि म्हणाली, हे काय व संध्ये, तुले कोठीत टाकलं का?

मी म्हणाले, तात्पुरते आहे.

पोत्यात हात घालून एकेक पत्रिका काढून मोठ्याने वाचू लागली. नवरदेवाचे शिक्षण वाचून हसायची. बी.ए. नापास असे छापलेलेही एक निघाले. दोघी इतक्या हसलो की मंजुषा डोकावून गेली.

मग ती थांबली. म्हणाली, बाहेर मांडवात कोन कोन हाये, पाह्यलं का तू? ह्याचा पोरगा हाये. हिची बहीन हाये. हे तिवसेवाले सारे आलेत. सकाळपासून मले इचारून राहिले, त्या बाई कुठी बसतात, ज्यायच्यापाशी आमच्या घरची पत्रिका हाये.

मी म्हणाले, पुस्तक झाल्यावर देईन असे सांगितले आहे सगळ्यांना.

ती म्हणाली, संध्ये, झालं व ते. आता होत नसते.

तिने हे चेष्टेने म्हटले असते तर मी उत्तर दिले असते. माझ्याकडे उत्तरे तयार होती. रुमानियनबद्दल सांगणार होते. तिने भरिताचा डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. आम्ही जेवलो.

तिखट होते. डोळ्यांत पाणी आले.

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

लग्न छान झाले. वेळेवर झाले. एकही घर सुटले नाही, तीन गावांतून कोणी नाराज नाही, असे धम्मदीप म्हणतो. पायल वर गेली, खोली आवडली म्हणाली.

पाहुणे आज निघतील. त्याआधी मंजुषाला सांगायच्या गोष्टी, विसरू नये म्हणून इथे:

तेल्हाऱ्याचे पोते रामरावांच्या हवाली करावे. त्यांना घरे माहीत आहेत, ते वाटतील. त्यासोबत एकोणिसावे शतक जाईल. जाऊ द्यावे.

तिवशाची कार्डे त्या बाईंना, ज्यांना आईचे नाव दोनदा ऐकायचे होते. इटालियन बहुतेक त्यांच्याकडे आहे.

भातकुलीची आत्यांजवळ. वाचून दाखवायला पायल.

‘बाकी गावं’मध्ये अकोला आहे. अकोल्याची जमुनेने न्यावीत. तिचीही त्यात आहे. ती उलटून पाहील आणि फोन करून हसेल. हसू द्यावे.

कोणी मागच्या बाजूबद्दल विचारले तर सांगावे की ती वाचायची सक्ती नाही.

ज्या घरांत आता घ्यायला कोणीच उरले नाही, ती कार्डे मला. फार नाहीत. खाटेखाली एक खोका बसतो.

रुमानियनच्या खोक्यातला चपलेचा पट्टा अनुपचा आहे, शाळेतला. त्याला.

प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मंजुषाला. कोणत्या कोठीत कोणता गहू ते लिहून चिकटवायला कागद हवे म्हणत होती. चांगला कागद आहे, मागची बाजू कोरी आहे.